चिकटपट्टीचे सहा वेढे

डोरीन स्टोबार्ट उठून उभी राहिली, तशा सभागृहातल्या निम्म्या माना खाली गेल्या. झालं! आता बाई तेच बोलणार.

आणि बाई तेच बोलली. "तो आमच्या नेव्हचा आवाज नाही. वीस वर्षं झाली तेव्हा सांगितलं, तीस झाली तेव्हा सांगितलं, आज चाळीस झाली, आजही सांगते. ज्या पोराला मी कडेवर घेऊन हिंडवलं त्याचा आवाज मला कळत नाही होय? त्या रेकॉर्डवर कुणीतरी दुसराच बाप्या गातोय."

व्यासपीठावरच्या प्राध्यापिका इमोजेन व्हॅलरींनी छातीवर हात ठेवला आणि चेहरा शक्य तितका कनवाळू केला. "आम्ही तुमचे आभारी आहोत, मिस स्टोबार्ट. दुःख कधी जुनं होत नाही," त्या म्हणाल्या, आणि माइक हलकेच पुढच्या माणसाकडे सरकवला गेला. पुढच्या माणसाने गिटारीच्या सुरांबद्दल काहीतरी लांबलचक विचारलं. डोरीन एक क्षण तशीच उभी राहिली, मग पर्स मांडीवर घेऊन खाली बसली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण लोकांनी तिला शाळेतल्या पोरीसारखं गप्प बसवलं होतं.

व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या अ‍ॅलेक गारबटने वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. दर दहा वर्षांनी बांधायचा तशी. कारण त्या भरल्या सभागृहात, किंबहुना भरल्या जगात, बाई खरं बोलतेय हे माहीत असलेला माणूस तो एकटाच होता.

'वॉरनबी संडे' ही रेकॉर्ड ठाऊक नाही असा रॉकवाला सापडायचा नाही. इंग्लंडातल्या टीस नदीच्या मुखाशी, पोलादाच्या कारखान्यांच्या धुरात वाढलेली चार पोरं, त्यांचा 'पग मिल' नावाचा बँड, आणि ही त्यांची एकुलती एक रेकॉर्ड. १९७९च्या सप्टेंबरात ती निघाली, नोव्हेंबरात गाणारा नेव्हिल स्टोबार्ट, म्हणजे डोरीनचा धाकटा भाऊ नेव्ह, साउथ गेअरच्या समुद्रात शिरलेल्या लांब दगडी बांधावर फिरायला म्हणून गेला तो परत आला नाही. तेवीस वर्षांचा होता. पुढे काय झालं हे सांगायलाच नको. जग त्या आवाजाच्या पायाशी येऊन बसलं. काय तो आवाज! जड, खोल, ओल धरलेला, प्रत्येक शब्द जणू जमिनीखालून वर यायचा. तीन पिढ्यांच्या गवयांनी हनुवटी छातीला टेकवून तसं गायचा आटापिटा केला. आजवरच्या सर्वोत्तम रेकॉर्डींच्या याद्या निघतात ना, त्यांत तिचं स्थान पहिल्या दहातून कधी हललं नाही. इथल्या मिडल्सब्रोच्या विद्यापीठात तर ती अभ्यासाला आहे, आणि हे चाळिशीचं दोन दिवसांचं संमेलनही त्यांनीच भरवलं होतं. गिटारी धड कुठल्याच पट्टीत बसत नाहीत, दोन सुरांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतात, यावर एका विद्वानाने प्रबंध लिहिला, की पोरांनी त्या जाणूनबुजून कारखान्याच्या भट्टीच्या घरघरीशी जुळवून घेतल्या होत्या. डॉक्टर झाला तो त्याच्यावर!

या सगळ्या डोलाऱ्याचा पहिला चिरा रचला तो क्रिस्पिन ऑल्डने. तेव्हा तो बावीस वर्षांचा, लंडनच्या एका साप्ताहिकात लिहायचा. "हा माणूस गात नाही," असं त्याने लिहिलं होतं, "हा मरतोय, आणि आपण शेजारच्या खोलीतून ऐकतोय." दोन महिन्यांनी नेव्ह गेला, आणि क्रिस्पिन एका रात्रीत द्रष्टा ठरला. पुढे या एका रेकॉर्डवर त्याने पाच पुस्तकं लिहिली. रेकॉर्ड आहे सदतीस मिनिटांची.

आणि त्या आवाजाला जन्म देणारा जादूगार कोण? तर म्हणे अ‍ॅलेक गारबट. टेप चालवणारा, वायरी गुंडाळणारा, रेडकारच्या दीडदमडीच्या स्टुडिओतला अ‍ॅलेक. जपानपासून ब्राझीलपर्यंतची माणसं येऊन त्याला विचारायची, तो आवाज तुम्ही कसा हो काढलात? अ‍ॅलेक गालात हसायचा आणि म्हणायचा, "ते गुपित आहे." लोकांना वाटायचं काय नम्र माणूस आहे!

गुपितच होतं, यात खोटं काहीच नव्हतं.

झालं होतं असं. टेपच्या मशीनमध्ये एक बोटभर पोलादी दांडी गरागरा फिरते आणि टेप तिच्यावरून ओढली जाते. दांडी जितकी जाड तितकी टेप वेगात पळणार. एका गुरुवारी रेडकारचाच एक खाटीक, 'मीट पाय' म्हणजे मांस भरून भाजलेल्या कचोऱ्या विकणारा, जाहिरात करायला आला. जाहिरातीत स्वतःच बोलायचा हट्ट, आणि आवाज असा की चिमणीने चिवचिवावं. मग अ‍ॅलेकने धंद्यातली जुनी युक्ती केली. दांडीला चिकटपट्टीचे सहा वेढे मारले, मशीन जरा जास्त वेगात पळवलं, आणि त्यावर खाटकाला बोलवून घेतलं. मग तीच टेप दुसऱ्या, सरळ मशीनवर लावली, की सावकाश फिरते आणि आवाज भारदस्त येतो. खाटीक खूश होऊन दोन मीट पाय ठेवून गेला. अ‍ॅलेकने ते गरम गरम खाल्ले, आणि पट्टी सोडायची विसरला.

शुक्रवारी 'पग मिल'ची पोरं आली. सगळी गाणी नीट मिसळून शेवटच्या टेपवर उतरवायचं काम त्या दिवशी होतं, आणि ते उतरलं त्याच मशीनवर. त्याच मशीनवर परत वाजवून ऐकलं, तेव्हा सगळं जिथल्या तिथे. चोर आणि पोलीस एकाच वेगाने पळाले तर कुणाला काय कळणार? संध्याकाळच्या टपालाने टेप लंडनला गेली. सोमवारी सकाळी अ‍ॅलेक नेहमीप्रमाणे स्पिरिटचा बोळा घेऊन दांडी पुसायला बसला, आणि बोटाला चिकटपट्टी लागली.

एक फोन करायचा होता. "अहो, टेप जरा वेगात लावा," एवढंच. पण मालक लाँगस्टाफने महिन्यापूर्वीच, बिगुलवाल्यांची एक टेप चुकून पुसली म्हणून, अ‍ॅलेकला सगळ्यांदेखत झाडला होता. पुढच्या चुकीला दार उघडं आहे, असं सांगितलं होतं. घरी बायको सात महिन्यांची पोटुशी. अ‍ॅलेकने पट्टी सोडवली, गोळी करून खिशात टाकली आणि मूग गिळून बसला. पंधरा दिवसांनी लंडनहून नमुन्याची रेकॉर्ड आली तेव्हा लाँगस्टाफ ऐकून म्हणाला, "च्यायला, भारी वजन आलंय!" बँडचा ढोलवालाही तेच म्हणाला. मग काय सांगायचं, आणि कशाला?

तर शनिवारच्या त्या सभेनंतर चहाच्या रांगेत डोरीनने अ‍ॅलेकला गाठलं. दोघं एकाच गावचे, एकाच वयाचे म्हणायला हरकत नाही. ती त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठी.

"तू तरी बोलायचंस," ती म्हणाली. "शुंभासारखा बसून राहिलास."

"काय बोलणार होतो गं मी?"

"हेच की म्हातारीला जरा ऐकून घ्या." तिने कपात साखर टाकली आणि ढवळतच राहिली. "अ‍ॅलेक, तुला एक सांगते, कुणाला सांगू नकोस. मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय. गेल्या थंडीपासून. आधी कसं, डोळे मिटले की यायचा. 'डोरीन, चहा टाक गं,' अशी त्याची हाक. आता डोळे मिटले की तो रेकॉर्डवरचा बाप्याच बोलतो. चहा टाक म्हणतो, आणि मला भीती वाटते. घरात त्याची दुसरी टेप नाही, काही नाही. आमच्याकडे कुठलं आलंय मशीन! मी गेले की त्याचा आवाज जगातून गेला बघ. पण तो माझ्याआधीच निघालाय."

अ‍ॅलेकने कप खाली ठेवला. चाळीस वर्षं त्याने स्वतःला बजावलं होतं की आपल्या चुकीने कुणाचं काही बिघडलं नाही, उलट जगाला एक ठेवा मिळाला. आता ही बाई समोर उभी राहून सांगत होती की काय बिघडलं ते. आणि ते दुरुस्त करायला काय लागत होतं? काही नाही! वेग कमी-जास्त करता येतो असा रेकॉर्ड प्लेअर. त्याची वेगाची बोटभर पट्टी आठ टक्क्यांनी वर सरकवायची. चाळीस वर्षांत त्याने स्वतःसुद्धा कधी सरकवून पाहिली नव्हती. धाडसच झालं नाही.

रविवारी दुपारी तो प्लेअर आणि ती रेकॉर्ड गाडीत टाकून रेडकारला डोरीनच्या घरी गेला. वाटेत त्याने एक थाप तयार केली, आणि आरशात बघून दोनदा म्हणूनही पाहिली.

"हे काय आणलंस?" डोरीनने दारातच विचारलं. "मी ती रेकॉर्ड या घरात वाजवत नाही, सांगून ठेवते."

"एकदा ऐक. नाही पटलं तर मला घराबाहेर काढ."

"ते तर मी काढीनच."

त्याने प्लेअर जेवायच्या टेबलावर मांडला आणि सगळं सांगितलं. खाटीक, दांडी, पट्टीचे सहा वेढे. फक्त शेवट बदलला. "गेल्या महिन्यात जुन्या वह्या चाळत होतो, तेव्हा तारखा जुळल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. तोवर मलासुद्धा कल्पना नव्हती, देवाशप्पथ." आरशात म्हटलं होतं त्यापेक्षा बरं जमलं.

डोरीनने रेकॉर्डकडे बोट केलं, म्हणजे लाव.

अ‍ॅलेकने दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावलं. 'परत येती' असं ज्याचं पालुपद आहे, ते. क्रिस्पिनच्या पाच पुस्तकांत मिळून या गाण्याला नव्वद पानं आहेत; मेलेले आत्मे परत येतात, नेव्हला पलीकडची हाक ऐकू येत होती, वगैरे. अ‍ॅलेकने वेगाची पट्टी वर सरकवली आणि सुई टेकवली.

आणि त्या जेवायच्या खोलीत एक पोरगा गायला लागला. तरतरीत, नाकातला, थोडा आगाऊ आवाज. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून धावत होते. ढोलकं टणाटण उडत होतं. पोरगा गाता गाता मध्येच हसू दाबतोय हेसुद्धा कळत होतं. चाळीस वर्षं जगाने ज्याला हुंदका म्हटलं ते हेच.

डोरीनने तोंडावर हात दाबला. मग तिच्या बोटांच्या फटींतून हसू फुटलं. "आल्फ काका! अरे देवा, हे तर आल्फ काकाचं गाणं!" ती डोळे पुसत म्हणाली. "काका कबुतरं विकायचा बाजारात. पाळीव कबुतरं ती, सोडली की काकाच्याच खुराड्यात परत यायची. मग पुढच्या शनिवारी तीच परत विकायची! एकाच माणसाला दोनदा विकली म्हणून मार खाल्ला होता त्याने. परत येती, परत येती... नेव्ह नक्कल करायचा काकाची. वाजव, परत वाजव!"

चार वेळा वाजवलं. पाचव्या वेळी ती मान किंचित कलती करून ऐकत राहिली, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही. "तोच," ती म्हणाली. "अस्साच होता. अ‍ॅलेक, तू मला माझा भाऊ आणून दिलास रे." आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

अ‍ॅलेकला भडभडून आलं. आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरंही वाटलं. इतक्या स्वस्तात सुटलो, असं वाटलं.

"चल," डोरीन एकदम उठली. "चार वाजता समारोप आहे ना? सांग त्यांना. सगळ्यांसमोर सांग. त्या क्रिस्पिनचं तोंड बघायचंय मला."

आता नाही कसं म्हणणार? मिडल्सब्रोच्या वाटेवर गाडीत ती 'परत येती' गुणगुणत होती. आज आपली पूजा संपली, हार उतरणार आणि जोडे बसणार, अशी अ‍ॅलेकने मनाची तयारी केली.

समारोपात त्याने उभं राहून सगळं सांगितलं. खाटकापासून पट्टीपर्यंत, आणि गेल्या महिन्यात सापडलेल्या तारखाही. सांगून झालं. लोक क्रिस्पिनकडे बघायला लागले. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोरीन पुढच्या रांगेत ताठ बसली होती, हनुवटी वर.

मग प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, आपण ऐकूया का? संगणकावरून खऱ्या वेगात ते गाणं लावलं. मोठ्या स्पीकरांतून नेव्ह गायला लागला, आपला तरतरीत, आगाऊ नेव्ह. अर्धं मिनिट झालं असेल. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग इकडे दोघं, तिकडे चौघं. वाईट हसणं नव्हतं ते. लहान मुलाने मोठ्यांचे बूट घातल्यावर हसतात तसं होतं. एक दाढीवाला शेजारच्याला म्हणाला, "गंमत आहे. पण काहीतरी हरवतं, नाही?" शेजारच्याने मान डोलावली. "एकदम मुलांच्या कार्यक्रमासारखं वाटतं." प्राध्यापिकाबाईंनी खूण केली आणि गाणं मध्येच तोडलं.

डोरीनची हनुवटी खाली आली. अ‍ॅलेकने ते पाहिलं.

एवढ्यात क्रिस्पिन उठला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता, डोळे पाणावले होते. "मित्रहो," तो म्हणाला, "चाळीस वर्षं आपण समजत होतो की हा मृत्यू एका माणसाच्या गळ्यातून गात होता. आज कळलं की त्या माणसालाही ते ठाऊक नव्हतं. यंत्राला ठाऊक होतं! तो पोरगा हसत होता, आणि यंत्र त्याच्यासाठी रडत होतं. मी तर म्हणेन, ही रेकॉर्ड आज आपल्यासमोर दुप्पट मोठी झाली."

झालं! टाळ्यांचा कडकडाट. लोक उभे राहिले. रेकॉर्ड कंपनीचा माणूस धावत येऊन अ‍ॅलेकला म्हणाला, नवी आवृत्ती काढूया, तुम्ही त्यात चार शब्द लिहा, आणि घाबरू नका, मूळ वेगाला आम्ही हात लावणार नाही. भट्टीच्या घरघरीवर डॉक्टर झालेला विद्वान म्हणाला की माझा मुद्दा उलट पक्काच झाला. कुणीतरी कुठूनतरी चिकटपट्टीचं रीळ पैदा केलं आणि ते अ‍ॅलेकच्या हातात देऊन फोटो काढले. प्राध्यापिकाबाईंनी पुढच्या वर्षीचा विषय तिथल्या तिथे जाहीर करून टाकला. हार उतरायचे ते दुप्पट झाले. डोरीनला कुणी काही विचारलं नाही. ती कोट घालून दारापाशी उभी होती.

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. बंद पडलेला कारखाना मागे गेला, समुद्रातल्या पवनचक्क्या दिसायला लागल्या. अजून उजेड होता. अ‍ॅलेकने तिच्या घरासमोर गाडी लावली तरी ती उतरली नाही.

"हसले रे त्याला," ती म्हणाली.

"मूर्ख आहेत. तू मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत. माझं त्यांच्याशी काय?" पर्सचा बंद ती बोटाला गुंडाळत होती. "दुपारपासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. ती नमुन्याची रेकॉर्ड ऐकून नेव्हने मला फोन केला होता. मी तेव्हा न्यूकॅसलला कामाला. नाक्यावरच्या सार्वजनिक फोनवरून केला त्याने. म्हणाला, 'डोरीन, हा मी नाही गं. सगळे म्हणतात मीच आहे. मला वेड लागतंय का?' आणि मी काय सांगितलं? डॉक्टरकडे जा म्हणाले. तुला लहानपणापासून भलतं काहीतरी वाटतं, म्हणाले."

अ‍ॅलेकने गाडीचं यंत्र बंद केलं.

"मग तो प्रत्येक कार्यक्रमात तसा आवाज काढायला बघायचा," डोरीन सांगत होती. "लोक खालून ओरडायचे, रेकॉर्डसारखं गा, रेकॉर्डसारखं गा! बाहेर काढा त्याला, हा खोटा आहे, असं एकदा ओरडले. तेवीस वर्षांचं पोर. घसा जाड व्हावा म्हणून दिवसाला तीन पाकिटं सिगारेट ओढायला लागला. मिठाचं पाणी काय, व्हिस्कीच्या गुळण्या काय. ऑक्टोबरात माझ्याकडे आला तर बोलता येत नव्हतं त्याला. पण एक सांगितलं त्याने. म्हणाला, मी अ‍ॅलेकला जाऊन विचारलं." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "तुला विचारलं होतं त्याने?"

थाप मारायची तर हीच वेळ होती, आणि अ‍ॅलेकपाशी थाप तयारही होती. चाळीस वर्षं जुनी गोष्ट, आठवत नाही, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दुपारी तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता, आणि त्याला ते सहन होईना.

"विचारलं होतं," तो म्हणाला.

"काय विचारलं?"

"म्हणाला, अ‍ॅलेक, टेपचं काही केलंस का तू? खरं सांग, मी रागावणार नाही."

"आणि?"

"मी म्हणालो, नाही रे पोरा. तो तुझाच आवाज आहे. स्वतःचा आवाज स्वतःला कधी कळत नाही."

"तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"टेप पाठवली त्याच्या तिसऱ्या दिवशी ठाऊक झालं होतं."

रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला फिरवत गेली. डोरीन तिच्याकडे बघत राहिली, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. अ‍ॅलेकला वाटलं, आता ही ओरडेल, तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं, त्याने फोन केला तेव्हाच सगळं संपलेलं होतं," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी आणायला सांगावं तसा. "चाळीस वर्षं मला तो फोन त्या रेकॉर्डच्या आवाजात आठवायचा. जड, खोल. आतून मेलेला माणूस बोलतोय असा. मग मी मनाची समजूत घालायचे, की डोरीन, तू काहीही बोलली असतीस तरी तो जाणारच होता. सगळे तेच म्हणतात ना, पुस्तकांतसुद्धा तेच आहे. आज तू त्याचा आवाज परत दिलास, आणि तो फोन मला आता त्या आवाजात ऐकू येतोय. तो मेलेला नव्हता रे, अ‍ॅलेक. घाबरलेलं पोर होतं नुसतं. एकाने हो म्हणायला हवं होतं. तू नाही तर मी."

"डोरीन, चूक माझी आहे. तू कशाला..."

"गप्प बस." तिने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला.

अ‍ॅलेक रडत होता. सत्तर वर्षांचा माणूस, नाकातोंडातून पाणी गळत होतं. "मी सांगतो त्यांना," तो म्हणाला. "उद्याच सांगतो. त्याने विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो, हे सगळं सांगतो. लिहून देतो. तू म्हणशील तिथे सांगतो."

डोरीन बाहेर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"कुणाला सांगतोस?" ती म्हणाली. "त्यांना? अरे, टाळ्या वाजवतील ते."

तिने दार लावलं आणि ती घरात गेली.